पीआयडी बियांवर नको, हवेवर लावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी कॉफीचं बी भाजायला १२०० वॉटचं गरम हवेचं पॉपकॉर्न मशीन, ९० ग्रॅमचा घाणा (एका वेळी भाजायचं बी). दोन महिन्यांपूर्वी पंखा आणि हीटर वेगळे केले. पंखा स्वतंत्र डीसी पुरवठ्यावर, हीटर एसएसआरवर (वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच). आर्डुइनोला (छोटा नियंत्रक बोर्ड) मॅक्स६६७५ ही तापमान वाचणारी चिप आणि त्याच किटमधला स्क्रूचा थर्मोकपल (तापमान मोजणारा प्रोब) जोडलाय, आलेख आर्टिसन या भाजणी नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये निघतो. बी तेच, पंख्याचा आणि हीटरचा आकडा तोच, तरी पहिला क्रॅक (बी पहिल्यांदा तडतडतं तो क्षण) कधी सहाव्या मिनिटाला येतो तर कधी साडेआठव्या. लवकर आला तर आकडा १९६ दिसतो, उशिरा आला तर २०४. आरओआरची (तापमान मिनिटाला किती अंश चढतंय त्याची) रेघ करवतीच्या दातांसारखी. बियांच्या तापमानावर पीआयडी (मोजलेलं आणि हवं असलेलं तापमान यांतला फरक बघून आच आपोआप कमी-जास्त करणारं नियंत्रण) लावला तर घाणे एकसारखे होतील का?

नाही होणार, उलट बिघडतील. तुमच्या वर्णनात तीन वेगवेगळे दोष एकमेकांत मिसळलेत: आच स्वतःच बदलते आहे, तापमान उशिरा कळतंय, आणि आरओआर काढायची रीत चुकते आहे. पीआयडी या तिन्हींवर आंधळेपणाने प्रतिक्रिया देत राहील. पीआयडी लावायचा आहेच, पण तो बियांवर नाही, बियांत शिरणाऱ्या हवेवर. तिथे का, आणि त्याआधी काय दुरुस्त करायचं, ते क्रमाने सांगतो. तुमच्या मशीनची रचना, घरातलं व्होल्टेज आणि प्रोबची जागा यांवर बरेच आकडे अवलंबून आहेत; म्हणून आकड्यांपेक्षा ते कसे काढले तिकडे जास्त लक्ष द्या.

आधी आच. हा दोष सगळ्यांत मोठा, आणि तुमच्या आलेखात तो दिसतच नाही. हीटर म्हणजे नायक्रोमची तार, आणि तिची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टला १२०० वॉट देणारी तार २१० व्होल्टला १००० वॉट देते, २४५ व्होल्टला साधारण १३६०. संध्याकाळी आजूबाजूच्या सगळ्या घरांत गीझर, एसी, मिक्सर चालू असताना व्होल्टेज २१० वर येणं आणि मध्यरात्री २४० च्या वर जाणं आपल्याकडे नवलाचं नाही. तुमचे लवकर आणि उशिरा आलेले क्रॅक दिवसाच्या कोणत्या वेळचे होते ते पाहा. बहुधा तिथेच उत्तर सापडेल.

आता पंखा वेगळा केल्यावरच हे का सुरू झालं. मूळ मशीनमध्ये पंख्याची छोटी डीसी मोटर हीटरच्याच तारेच्या एका तुकड्यातून, चार डायोडच्या ब्रिजमार्गे चालते. व्होल्टेज पडलं की आच कमी होते, पण पंखाही मंदावतो, आणि कमी वॉटमध्ये कमी हवा जवळपास तेवढीच तापते. ही भरपाई आपोआप होत होती. पंख्याला स्थिर डीसी दिल्याबरोबर ती गेली. आता हवा ठरावीक वाहते, त्यामुळे हवेच्या तापमानातली वाढ थेट वॉटच्या प्रमाणात आहे. समजा खोलीतली हवा २५ अंशांची आहे आणि मशीन ती २४५ पर्यंत तापवतं; वाढ २२० अंशांची. व्होल्टेज २१० झालं की वाढ १८३ वर येते, म्हणजे हवा २०८ अंशांची. तेवढ्या हवेत बी क्रॅकच्या उंबरठ्यावर रेंगाळत राहतं, शिजल्यासारखं होतं आणि चव मेणचट येते. याच्या निम्मी घसरणसुद्धा क्रॅक दीड-दोन मिनिटांनी पुढे ढकलायला पुरते.

याच हिशोबात खोलीचं तापमानही येतं. गॅलरीत भाजत असाल तर नागपूरच्या मे महिन्यातली दुपार आणि जानेवारीतली पहाट यांत ३० अंशांचा फरक सहज असतो. हीटर वाढ तेवढीच देतो, त्यामुळे बियांना मिळणारी हवाही तितक्याच अंशांनी वेगळी. मशीन भिंतीला टेकवून किंवा कपाटाखाली ठेवलं तर ते स्वतःचीच गरम हवा परत ओढतं. चारही बाजूंनी किमान हातभर जागा मोकळी हवी.

म्हणून पहिलं काम: पीझेम००४टी नावाचं छोटं मॉड्यूल मिळतं, ते व्होल्टेज, करंट आणि वॉट मोजून सिरियलवर आकडे देतं. हीटरच्या लाइनवर ते लावा आणि व्होल्टेज आर्टिसनमध्ये जादा रेघ म्हणून घ्या. पुढचे पाच घाणे दुसरं काहीही न बदलता भाजा, फक्त ही रेघ नोंदवा. दोष खरोखर इथेच आहे का, हे पाचव्या घाण्यापर्यंत कळून चुकेल.

दुसरं काम म्हणजे हीटरला थोडी वरची जागा ठेवणं. २३० व्होल्टला तुमचा हीटर आत्ता १०० टक्क्यांवर चालत असेल, तर व्होल्टेज पडल्यावर वाढवायला काही उरतच नाही; मग नियंत्रण कोणतंही लावा. नेहमीच्या व्होल्टेजला सगळ्यात जास्त लागणारी आच ८० टक्क्यांच्या आत बसली पाहिजे. तशी बसली तर २१० व्होल्टला ९६ टक्के लागतील आणि साधारण २०६ व्होल्टपर्यंत तुम्ही तग धराल. हे साधायचं तर घाणा ९० वरून ८० ग्रॅमवर आणा. बी कमी असलं की ते हलवायला हवा कमी लागते, आणि कमी हवा कमी वॉटमध्ये हव्या तेवढी तापते. व्होल्टेज रोजच २०० च्या खाली जात असेल तर मात्र सर्व्हो स्टॅबिलायझर किंवा डिमरस्टॅटला पर्याय नाही.

आता प्रोबकडे. मॅक्स६६७५ च्या किटमध्ये येणारा थर्मोकपल सहा मिलिमीटरच्या आट्यांच्या स्क्रूत बसवलेला असतो. तो यंत्राच्या धातूचं तापमान मोजायला ठीक, उडणाऱ्या बियांचं नाही. त्याचं वजन जास्त, शिवाय स्क्रू भांड्याच्या भिंतीला घट्ट बसलेला, त्यामुळे तो बरंचसं भिंतीचंच तापमान सांगतो आणि मागे रेंगाळतो. किती मागे, याचं सोपं गणित आहे: तापमान मिनिटाला जितके अंश चढतंय, गुणिले प्रोबची दिरंगाई मिनिटांत. दिरंगाई ४० सेकंद धरा. क्रॅकच्या वेळी आरओआर १५ असेल तर प्रोब १० अंश मागे असतो. आरओआर ६ असेल तर फक्त ४. बी दोन्ही वेळा एकाच तापमानाला तडतडलं, तरी जलद भाजलेल्या घाण्यात आकडा ६ अंशांनी कमी दिसेल. तुमचं १९६ आणि २०४ चं कोडं बहुतांशी हेच आहे. दीड मिलिमीटर जाडीच्या प्रोबची दिरंगाई ५ ते ८ सेकंदांची असते, आणि हाच फरक जेमतेम एका अंशावर येतो.

दुकानात मागताना असं मागा: के टाइप, एमआय केबलचा, बाहेरची जाडी १.५ मिमी, लांबी १०० ते १५० मिमी, टोक अनग्राउंडेड. अनग्राउंडेड म्हणजे आतला जोड बाहेरच्या स्टीलच्या नळीला चिकटलेला नसतो. विजेच्या तारेशेजारी काम असल्यामुळे हे आवश्यक आहे, आणि काही चिपांना नळीला जोडलेलं टोक चालतही नाही. असे दोन घ्या. दुसरा हवेसाठी लागणार आहे.

बियांचा प्रोब भांड्याच्या बाजूच्या भिंतीतून आत घ्या, तळापासून १५ ते २० मिमी वर, टोक भिंतीपासून १०-१५ मिमी आत. सगळ्या घाण्यात, अगदी शेवटी बी फुगून वर उडायला लागल्यावरही, टोक बियांच्या गर्दीत बुडालेलं राहिलं पाहिजे. हवेच्या फटीच्या थेट समोर ते येऊ देऊ नका, नाहीतर हवेचंच तापमान मोजलं जाईल. पूर्ण काळजी घेतली तरी गरम हवेच्या मशीनमध्ये हा आकडा बी आणि हवा यांची सरमिसळच असतो. त्यामुळे दुसऱ्या कुणाचा क्रॅक १९८ ला येतो आणि तुमचा २०७ ला, यात चूक शोधू नका. प्रोब एकदा बसवला की पुन्हा हलवायचा नाही आणि घाण्याचं वजन बदलायचं नाही. मग तुमचा २०७ हा तुमच्यापुरता पक्का आकडा. पिवळा रंग येणं आणि पहिली तडतड या दोन खुणा डोळ्या-कानांनी टिपून आर्टिसनमध्ये त्याच क्षणी नोंदवा. मशीन बदललं तरी या खुणा सोबत राहतात.

प्रोब बसवण्याआधी तो तपासा. बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी यांच्या दाट मिश्रणात शून्य दिसलं पाहिजे. उकळत्या पाण्यात मुंबईला १००, पण पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर असल्यामुळे तिथे ९८ हाच बरोबर आकडा. १०० दिसले तर तुमचा प्रोब दोन अंश जास्त दाखवतोय. याच वेळी दिरंगाईही तपासा: खोलीत २८ अंशांवर असलेला प्रोब ९८ अंशांच्या पाण्यात बुडवा आणि आकडा ७२ वर यायला किती सेकंद लागले ते मोजा. एकूण फरकाच्या ६३ टक्के अंतर कापायला लागलेला तो वेळ. हवेत आणि बियांत तो कितीतरी जास्त भरतो, पण जुना आणि नवा प्रोब शेजारी ठेवून तुलना करायला एवढं पुरतं.

वायरिंगमधल्या दोन चुका वारंवार दिसतात. थर्मोकपलची तार लांबवताना साधी तांब्याची वायर जोडली, की तो जोड आणि चिप यांच्या तापमानात जेवढा फरक तेवढी चूक आकड्यात शिरते. लांबवायचीच असेल तर के टाइपचीच कॉम्पेन्सेटिंग केबल वापरा. दुसरी चूक म्हणजे चिपची डबी मशीनला चिकटवून ठेवणं. चिप स्वतःचं तापमान धरून हिशोब करते; ती गरम वाफेत किंवा एसएसआरच्या हीटसिंकशेजारी असेल तर घाणा जसा पुढे सरकतो तसा आकडाही हळूहळू सरकतो. डबी फूटभर तरी लांब, वाऱ्याच्या झोताबाहेर ठेवा. आणि गरम केल्यावर आकडा उतरायला लागला तर दोन तारा उलट्या जोडल्या गेल्यात, एवढंच.

करवतीच्या दातांचं कारण फार साधं आहे. मॅक्स६६७५ पाव अंशाच्या पायरीने मोजतो. दर सेकंदाला नोंद घेऊन लगेच मागच्या नोंदीशी फरक काढला, तर पाव अंशाची एक उडी मिनिटाला १५ अंशांची दिसते. बियांत काहीही घडलेलं नसताना आरओआर ० आणि १५ यांच्यात नाचत राहतो. फरक १५ सेकंदांच्या अंतराने काढला तर तीच उडी १ अंशाची होते, ३० सेकंदांनी अर्ध्या अंशाची. आर्टिसनमध्ये नोंद दर २ सेकंदांनी ठेवा आणि डेल्टा स्पॅन (फरक किती सेकंदांच्या अंतराने काढायचा ते) १५ ते २० सेकंद करा. त्याहून जास्त नको. रेघ गुळगुळीत दिसते, पण क्रॅकजवळचा उतार तुम्हाला घडून गेल्यावर कळतो. आर्डुइनोच्या कोडमध्ये चिपकडून आकडा पाव सेकंदापेक्षा लवकर मागू नका. तिला एक मापन पुरं करायला ०.२२ सेकंदांपर्यंत वेळ लागतो. मधेच मागितलं की मापन पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं आणि शिळा आकडाच हातात येत राहतो. "तापमान मिनिटभर अडकून राहतं आणि मग उडी मारतं" अशा तक्रारीमागे अनेकदा हेच असतं.

जमत असेल तर चिपच बदला. मॅक्स३१८५६ ची पायरी अंशाच्या शंभराव्या भागाहूनही लहान आहे आणि विजेच्या गुणगुणीसाठी तिच्यात आतच फिल्टर आहे. मात्र तो मुळात ६० हर्ट्झवर लावलेला येतो; आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून कोडमध्ये तो ५० वर आणायला विसरू नका. ही चिप ३.३ व्होल्टची आहे, तेव्हा ५ व्होल्टच्या आर्डुइनो उनोला जोडताना लेव्हल शिफ्टर असलेला बोर्ड घ्या.

आता मूळ प्रश्न. बियांवर पीआयडी का नको? आच वाढवली की आधी तार तापते, मग हवा, मग बी, मग प्रोब. या साखळीत अर्धा मिनिट सहज जातं. पीआयडीला वाटतं काहीच झालं नाही, म्हणून तो आणखी आच देतो. परिणाम येतो तेव्हा सगळं एकदम येतं. रवा भाजताना रंग आलेला दिसेपर्यंत गॅस मोठा ठेवला की काय होतं, तसंच. आणि हे सगळ्यात वाईट पहिल्या क्रॅकजवळ घडतं. त्या वेळी बियांतली वाफ भसकन बाहेर पडते, प्रोबचा आकडा चढायचा मंदावतो, आरओआर खाली कोसळतो. पीआयडी हीटर पूर्ण उघडतो. तेवढ्यात वाफ ओसरते, बी स्वतः उष्णता सोडायला लागलेलं असतं, आणि आरओआर उसळी मारतो. भाजणारे याला क्रॅश आणि फ्लिक म्हणतात. कपात आधी भाजक्या पिठासारखी आणि मग करपट चव येते ती या जोडीमुळे. जाणता माणूस क्रॅकच्या मिनिटभर आधी आच किंचित उतरवतो, कारण पुढे काय होणार ते त्याला ठाऊक असतं. पीआयडीला फक्त मागचं माहीत असतं.

हवेचं तसं नाही. तार हलकी, हवा तिच्यावरून लगेच वाहून जाते, आणि दीड मिलिमीटरचा प्रोब काही सेकंदांत सांगतो. इथे पीआयडी अचूक चालतो आणि व्होल्टेज, खोलीचं तापमान, पंख्याचे बदल हे सगळे त्रास बियांपर्यंत पोचण्याआधीच गिळून टाकतो. तुम्ही फक्त हवा किती अंशांची हवी ते सांगायचं. बियांचं तापमान बघून निर्णय माणसाने घ्यायचा.

हवेच्या प्रोबची जागा हीटर आणि बियांच्या मधली, भांड्यात शिरणाऱ्या फटींच्या अगदी अलीकडची. तापलेली तार टोकाला सरळ दिसता कामा नये. दिसली तर प्रोब हवेऐवजी तारेची धग मोजतो आणि आकडा १५-२० अंशांनीही फुगू शकतो. मध्ये अभ्रकाचा छोटा पडदा टाकला तरी काम होतं.

ट्यूनिंग असं करा. भांड्यात भाजून झालेलं टाकाऊ बी ८० ग्रॅम घ्या, कारण बियांच्या थरामुळे हवा अडते आणि रिकाम्या भांड्यातले आकडे वेगळे येतात. पंखा नेहमीच्या आकड्यावर ठेवा. हीटर ४० टक्क्यांवर स्थिर होऊ द्या, मग एकदम ५० करा. समजा हवा १३३ वरून १६० वर जाऊन थांबली: १० टक्क्यांना २७ अंश, म्हणजे एका टक्क्याला २.७. बदल केल्यावर पहिली हालचाल ३ सेकंदांनी दिसली, आणि १५० चा आकडा, म्हणजे वाढीचे ६३ टक्के, त्यानंतर १५ सेकंदांनी आला. तर पी = १५ ÷ (२.७ × १८) = साधारण ०.३१, यातले १८ म्हणजे ३ सेकंदांची वाट आणि तुम्हाला हवा असलेला १५ सेकंदांचा प्रतिसाद. आय = ०.३१ ÷ १५ = साधारण ०.०२. डी शून्यच ठेवा. मोजमापातला थोडासा खडखडाटही तो वाढवतो आणि इथे त्याची गरज नाही. आउटपुट ० ते १०० मध्ये बांधा, आणि ते १०० ला टेकलेलं असताना आयची बेरीज थांबवा. नाहीतर साठलेली आच नंतर उतू जाते. तुमचे आकडे वेगळे येतील, रीत हीच.

एसएसआर झीरो क्रॉसिंगचा हवा, आणि चालू-बंदचं चक्र १ सेकंदाचं. ५० हर्ट्झला सेकंदात १०० अर्धी आवर्तनं, म्हणजे १ टक्क्याच्या पायऱ्या मिळतात, पुरेशा आहेत. ५ अँपियरसाठी ४० अँपियरचा शिक्का असलेला घ्या आणि त्याला हीटसिंक लावा, कारण तो स्वतः ५ ते ८ वॉट उष्णता तयार करतो. आर्डुइनोऐवजी ईएसपी३२ बोर्ड वापरत असाल तर त्याचे ३.३ व्होल्ट एसएसआरला काठावरचे आहेत. मध्ये एक छोटा ट्रान्झिस्टर टाका.

इथे सुरक्षिततेबद्दल स्पष्ट बोलायला हवं. एसएसआर बिघडतो तेव्हा तो बहुधा चालूच राहतो, बंद पडत नाही. म्हणून हीटरच्या लाइनवर हाताने बंद करायचा डबल पोल स्विच हवा, आणि मशीनमधला मूळ थर्मल फ्यूज कधीही काढायचा नाही. कंपनीचा बायमेटल थर्मोस्टॅट मधेच तुटत असेल (आलेखात दर अर्ध्या मिनिटाला खड्डा दिसतो), तर आधी पंखा फार कमी तर नाही ना ते पाहा. तो बायपास करून मोकळे होऊ नका, गरज पडली तर जास्त तापमानाचा सिरॅमिक थर्मोस्टॅट बसवा. जुना डायोड ब्रिज अजून जागेवर असेल तर काढा: मूळ रचनेत मोटरची टोकं थेट मेन्सला जोडलेली असतात, आणि तुमच्या डीसी पुरवठ्याचा किंवा लॅपटॉपचा त्याच्याशी संबंध आला तर जीवावर बेतेल. दोन पिनांचा प्लग बदलून तीन पिनांचा लावा, भांड्याचा धातू अर्थ करा, आणि लाइन ३० मिलिअँपियरच्या ईएलसीबीवरून (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) घ्या. कोडमध्ये दोन अटी घाला: पंखा ठरावीक आकड्याच्या वर नसेल तर हीटर शून्य, आणि लॅपटॉपकडून १० सेकंद काही आलं नाही तर हीटर शून्य. पीआयडी म्हणूनच आर्डुइनोवर चालवा, लॅपटॉपवर नको. लॅपटॉप झोपी गेला तरी आच ताब्यात राहिली पाहिजे.

आता प्रत्यक्ष घाणा. चिकमगळूर किंवा कोडगूची धुतलेली अरेबिका, सिलेक्शन ७९५ सारखी, ८० ग्रॅम धरून सुरुवातीचा आराखडा देतो. हवा दोन मिनिटं १७० वर ठेवून मशीन तापवा. बी टाकल्यावर पहिली दीड मिनिटं २००. तिथून चौथ्या मिनिटापर्यंत हळूहळू २२२, सहाव्यापर्यंत २३६, सातव्याला २४० आणि तिथेच थांबा. बी चौथ्या मिनिटाच्या आसपास १५० ला पिवळं व्हावं, तेव्हा आरओआर २० च्या जवळ असावा. सहाव्या मिनिटाला १४. क्रॅक पावणेआठ ते आठ मिनिटांना, आरओआर ८-९. पहिले दोन-तीन स्पष्ट तडतड आवाज आले की हवा २३६ वर आणा, आणि ७५ ते ८० सेकंदांनी बी बाहेर काढा. थंड झाल्यावर वजन करा: ८० चे ६९ ग्रॅमच्या आसपास भरले तर घट १४ टक्के, मध्यम भाजणी. हे वजन रोज लिहा. प्रोब खोटं बोलू शकतो, पण ०.१ ग्रॅमचा काटा नाही, आणि दोन घाणे खरंच सारखे झाले का हे त्याच्याइतकं कुणी सांगत नाही.

पंखा तीन पायऱ्यांत उतरवा. कच्चं बी जड असतं, सुरुवातीला जास्त हवा लागते. पिवळं झाल्यावर थोडी कमी, क्रॅकनंतर आणखी थोडी, कारण बी हलकं होतं आणि फुगतं. तोच पंखा त्याला प्रोबच्या वर फेकायला लागतो. पूर्वी पंखा उतरवला की हवा एकदम तापायची. आता पीआय (डी शून्य ठेवलेला पीआयडी) ते सांभाळेल. पण हवा तेवढ्याच अंशांची असली तरी कमी वाहिल्यामुळे बियांना आच थोडी कमीच पोचते. म्हणून पंख्याच्या पायऱ्याही प्रत्येक घाण्यात त्याच मिनिटाला घ्या.

बी बदललं की आराखडा बदलतो. मान्सून्ड मलबार फुगलेलं, हलकं आणि जास्त ओलं असतं. त्याला सुरुवातीची हवा १० अंश कमी आणि पंखाही कमी, नाहीतर बाहेरून डाग पडतात आणि आत कच्चं राहतं. सालीसकट वाळवलेल्या चेरी कॉफीला फोलपटं फार निघतात. जाळी दर घाण्यानंतर झटका, कारण ती तुंबली की हवा कमी होते आणि तुमचं सगळं मोजमाप हलतं. पीबेरी (फळात दोनऐवजी एकच दाणा असलेलं बी) गोल असल्यामुळे कमी हवेतही छान फिरते.

ज्यांचं भांडं गॅसवर आहे त्यांच्यासाठी हाच मुद्दा वेगळ्या रूपात येतो: नॉबची खूण म्हणजे आच नव्हे. बर्नरच्या आधी टी बसवून पारदर्शक नळीचा यू आकार करा, त्यात पाणी भरा आणि उंचीतला फरक मिलिमीटरमध्ये वाचा. घरगुती रेग्युलेटरनंतर तो ३०० मिमीच्या आसपास असतो. आच दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते, म्हणून दाब निम्मा केला तरी आच ७१ टक्के उरते. आच निम्मी हवी असेल तर दाब पाव करायला लागतो. रेग्युलेटरला हात लावायचा नाही, बदल फक्त नीडल व्हॉल्व्हने, आणि प्रत्येक जोड साबणाच्या पाण्याने तपासून.

तुम्ही आता या क्रमाने जा: व्होल्टेजची नोंद, बारीक प्रोब, डेल्टा स्पॅन, मग हवेवरचा पीआय. सगळं बसलं की एकाच पिशवीतल्या बियांचे तीन घाणे घ्या: एक सकाळी, एक संध्याकाळी साडेसातला, एक रात्री अकराला. प्रत्येकाआधी मशीन पूर्ण थंड होऊ द्या आणि तीच दोन मिनिटं तापवा. तिन्हींत क्रॅक १५ सेकंदांच्या आत आणि वजनातली घट अर्ध्या टक्क्याच्या आत आली, तर मोजमाप आणि आच दोन्ही तुमच्या हातात आली. पावसाळ्यात तरीही फरक पडत राहिला तर कच्चं बी कसं ठेवलंय ते बघा. उघड्या पिशवीतलं बी ओल धरतं आणि पहिल्या चार मिनिटांतच मागे पडतं. त्यानंतर चवीसाठी हवेचे टप्पे बदलायला घ्या, एका घाण्यात एकच टप्पा, आणि तोही ३ अंशांनी.